इजिप्तमधलं सलगम

बालवर्गाच्या बाई तरुणपणी चौदा देश फिरून आल्या आहेत, ही बातमी आमच्या गल्लीत इतकी जुनी आहे की ती पहिल्यांदा कोणी सोडली हे आता कोणी कबूल करत नाही. शिंपीणकाकू तर आकडा सतरावर नेतात आणि तोंडातल्या टाचण्या न काढता वर एका कप्तानाचीही भर घालतात. "बोटीवरचा कप्तान होता म्हणे. उंच. लग्नाचं सगळं ठरलं होतं. मग काय झालं, देव जाणे." देवाखालोखाल ते शिंपीणकाकू जाणतात, पण त्यांच्याकडून ते ऐकायला आधी काहीतरी शिवायला टाकावं लागतं.

तर ते तसं काही नाही. बाईंकडे पासपोर्टसुद्धा नाही. त्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे शिक्षिकांच्या शिबिरासाठी पाच तास बसनं गेल्या तो. त्यातले दोन तास त्यांचं डोकं खिडकीबाहेर होतं, आणि तेही काही डोंगर बघायला नव्हे. कप्तान कधी नव्हता. बोट मात्र होती, आणि बोटीवर त्यांचा धाकटा भाऊ होता, तोही स्वयंपाकघरात. सतरा देशांचा खुलासा एवढाच.

बातमीचा उगम शोधायचा तर तो मुलांपाशी जातो. बाईंच्या वर्गातली मुलं पाच वर्षांची, फार तर सहा. दर गुरुवारी घरी येऊन ती जे सांगत ते ऐकून आयांचा गोंधळ उडणारच. "आज कुठे होतास रे?" "जपानला. पण तिथे जागाच नव्हती, मी समुद्रात बसलो." दुसरा सांगे, "आम्ही ब्राझीलला गेलो आणि माझा डबा ऑस्ट्रेलियात राहिला." एकदा एक आई डबा शोधायला शाळेत आली, तेव्हा बाईंनी शांतपणे विचारलं, "हिरव्या ऑस्ट्रेलियात की पिवळ्या?"

शाळा म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्रं धडधडतात आणि वर मुलांच्या पेन्सिली आपोआप घरंगळतात. मोठ्या खोलीच्या जमिनीवर बाईंनी एका सुट्टीत जगाचा नकाशा रंगवला. रंग शाळेच्या दारं-खिडक्यांमधून उरलेला. त्यामुळे आफ्रिका दाराच्या रंगाची, समुद्र खिडकीच्या रंगाचे, आणि पिवळा मध्येच संपला म्हणून ऑस्ट्रेलिया अर्धा हिरवा. छताला टेकू देणारा खांब अटलांटिक महासागरात आला, त्याला काही इलाज नव्हता. अंटार्क्टिका कपाटाखाली गेला. एकदा तपासनीस आले होते, त्यांनी एका मुलीला विचारलं, "अटलांटिक महासागरात काय असतं, बाळ?" ती म्हणाली, "खांब." तपासनिसांनी चष्मा पुसला, खांबाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

गुरुवारचा नियम सोपा होता. ज्या देशाची गोष्ट, त्या देशात जाऊन बसायचं. अठ्ठावीस मुलं रशियात ऐसपैस बसत, जपानमध्ये एकमेकांच्या मांडीवर. मग बाई चप्पल काढून स्वतःही देशात शिरत आणि गोष्ट सुरू करत. इजिप्तमधल्या सलगमाची गोष्ट मुलांची सगळ्यांत लाडकी. आजोबांनी शेतात सलगम लावलं, ते एवढं मोठं झालं की उपटता उपटेना. आजोबांनी सलगम ओढलं, आजीनं आजोबांना ओढलं, नातीनं आजीला, कुत्र्यानं नातीला, मांजरानं कुत्र्याला, आणि शेवटी उंदीर आला तेव्हा कुठे ते निघालं. इथे सगळा वर्ग धाडकन मागे पडायचा. इजिप्तमधून मागे पडलं की माणूस थेट लिबियात जातो, हे भूगोलाचं ज्ञान त्या मुलांना पाठीवर मिळालं होतं. एकदा एका मुलानं हसता हसता वाळवंटातच कार्यक्रम उरकला. बाई म्हणाल्या, "असू दे, तिथे पाण्याची गरज होतीच," आणि फडकं आणायला गेल्या.

अशा एकतीस गोष्टी होत्या. मीठ दळणाऱ्या जात्याची, जे समुद्राच्या तळाशी अजून फिरतंय, ती ब्राझीलची. जगातली सगळी अक्कल मडक्यात भरून झाडावर चढणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याची, ती जपानची. दाराची कडी गिळून बसलेल्या सील नावाच्या समुद्री प्राण्याची, ती चिलीची. बावीस वर्षं बाई या गोष्टी सांगत होत्या, आणि एकदाही त्यांना कोणी विचारलं नाही की बाई, या गोष्टी तुम्हाला मिळाल्या कुठून.

त्या मिळाल्या पत्रांतून. आई गेली तेव्हा बाई चौदा वर्षांच्या होत्या आणि धाकटा सहाचा. वडील सकाळी जात ते दिवेलागणीला येत. घर बाईंच्या अंगावर पडलं आणि हा पठ्ठ्या जेवायला महाबिलंदर. एकेक घास गोष्टीवर उतरायचा. जुनी गोष्ट चालत नसे, ताबडतोब ओठ मिटायचे. मग बाई रोज नवी बनवत. आज बनवलेली उद्या विसरत. ओट्याशी स्टूल लावून त्याला फोडणी करायला त्यांनीच शिकवलं. एकोणीसचा झाला तेव्हा त्याच फोडणीच्या जोरावर तो मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात लागला. "दोन वर्षं, ताई. दोन वर्षांनी आलोच." त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

आला नाही असं नाही. मधल्या वर्षांत चार-पाचदा आला, आठ दिवस राहिला, पलंगावर झोप येत नाही म्हणून जमिनीवर झोपला आणि गेला. शेवटचा आला त्याला सात वर्षं झाली. पत्रं मात्र लिहायचा. ती तरी काय, चार ओळींची. "ताई, मी बरा आहे. तू बरी असशील." कधीमधी पुढे, "आज एक गोष्ट ऐकली," आणि मग गोष्ट. आपण कुठे आहोत, काय बघतो, काय खातो, एक अक्षर नाही. गावाचं नाव नाही, देशाचं नाव नाही. बाई मग भिंग घेऊन तिकिटावर वाकत. तिकिटावर इजिप्त असेल तर शाळेचा नकाशा काढून इजिप्तवर बोट ठेवत, आणि त्या आठवड्यात गुरुवारी इजिप्त.

आता हे शिंपीणकाकूंना ठाऊक नाही, म्हणून सांगितलं पाहिजे. बाईंना भूगोलाची काही आवड नव्हती. शाळेत त्या विषयात त्या कशाबशा पास झालेल्या. पण पत्र आलं की त्यांना दिसे: धाकटा एका शेताच्या बांधावर उभा आहे, समोर आजोबा-आजी सलगम ओढतायत, आणि हा खिशात हात घालून हसतोय. कधी घाटावरून त्याला हाका मारणाऱ्या बायका दिसत, कधी त्याच्यामागे कोळ्याचं झाड. अठ्ठावीस मुलांना घेऊन त्या दर गुरुवारी त्याच्या मागोमाग जात होत्या, एवढंच.

उत्तरं त्या लांबलचक लिहीत. गल्लीतलं सगळं कळवत, शिंपीणकाकूंचा कप्तानही कळवला होता. आणि तळाशी, सहीच्या वर, दरवेळी एकच ओळ: "कधी येतोस?" त्याचं उत्तर कधी आलं नाही. आधी महिन्याला येणारं पत्र चार महिन्यांवर गेलं, मग वर्षाला एक. आणि या गोष्टीला सुरुवात झाली तेव्हा, बाईंनी बोटांवर मोजलं, एक वर्ष सात महिने पत्र नव्हतं. पोस्टमन हल्ली त्यांच्या दारासमोरून जाताना पिशवीत उगाच काहीतरी शोधल्यासारखं करायचा. त्यालाही तोंड दाखवायची लाज वाटत असावी.

अशा वेळी वर्गात ठिणगी आली. हे बाईंनी ठेवलेलं नाव. मूठभर पोरगी, पण जिथे पडेल तिथे पेटवील. पहिल्याच गुरुवारी सलगम होतं. सगळा वर्ग इजिप्तमध्ये दाटीवाटीनं बसला. आजोबांनी सलगम लावलं, इथपर्यंत ठीक चाललं. मग ठिणगी उठली, भूमध्य समुद्र ओलांडला, काळ्या समुद्राच्या कडेनं गेली आणि रशियाच्या मधोमध मांडी घालून बसली.

"काय गं, तिकडे काय आहे?"

"सलगम इकडे आहे," ठिणगी म्हणाली.

"आपण इजिप्तमध्ये आहोत ना?"

"तुम्ही आहात. तुम्ही चुकलात, बाई. माझ्या पुस्तकात आजोबांना लोकरीची टोपी आहे. आणि बर्फ आहे."

खालचं यंत्र नेमकं त्याच वेळी थांबलं. बाई हसून म्हणाल्या, "बरं, तू रशियातून ऐक, आम्ही इजिप्तमधून ऐकतो." गोष्ट पुरी झाली, मुलं लिबियात पडली, ठिणगी एकटी सैबेरियात पडली. पण जाताना ती दाराशी थांबून म्हणाली, "वाळवंटात उंदराला थंडी वाजली असती का?" आणि हे वाक्य बाईंच्या डोक्यात घरापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी ठिणगीची आई आली. ती वाईट नव्हती. तिचं काम तसं होतं. ती तपासणीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. तिनं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यात तीन ठिकाणी कागद खोचलेले.

"सलगम रशियाचं. मिठाचं जातं नॉर्वेचं. मडक्यातल्या अकलेचा कोळी घानाचा. तुमच्याकडे तो जपानमध्ये आहे. मी तुमच्यावर रागावलेली नाही, बाई. पण आमच्याकडे चिठ्ठी चुकली तर एकाच्या आजाराचं औषध दुसऱ्याला जातं. मला रात्रंदिवस त्याचीच भीती असते. आणि इथे माझी मुलगी रोज चुकीच्या चिठ्ठीखाली बसते."

बाईंनी खोचलेल्या पहिल्या कागदाशी पुस्तक उघडलं. आजोबांना खरंच लोकरीची टोपी होती.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, समोरच होत्या. त्यांना तपासनिसांच्या वहीतल्या त्या न कळलेल्या ओळीची धास्ती अजून होती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे बघा, सत्र संपायच्या आत जमिनीवरचं सगळं खरं करा. एकतीसच्या एकतीस. नाहीतर गुरुवारी पाढे घेऊ. पाढे कुठल्याही देशात सारखेच असतात."

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि पत्रांचा डबा पलंगावर उपडा केला. शेजारच्या खिडकीतून दिसतं तेवढं दिसलं: पाकिटं ओळीनं मांडून बाई एकेका तिकिटावर भिंग धरत होत्या. तास बंद होईल याचं त्यांना तितकं काही वाटत नव्हतं. पाढे तर पाढे. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. इजिप्तमध्ये सलगमाचं शेत नव्हतं, तर मग धाकटा बावीस वर्षं कुठल्या बांधावर उभा होता? ते आजोबा-आजी गेले, बांध गेला, खिशात हात घालून हसणारा तो गेला. हातात राहिलं एक तिकीट, त्यावर शिक्का. आपण त्याच्या मागोमाग चाललोय असं त्या समजत होत्या, आणि तो त्या रस्त्यानं गेलाच नव्हता.

माणूस अशा वेळी रडतो. बाई चिडल्या. लहानपणी तो घास गालात दाबून बसायचा तेव्हा चिडत, तशाच. त्यांनी वहीचा मोठा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि एक ते एकतीस आकडे घातले. प्रत्येक आकड्यापुढे गोष्टीचं नाव, त्यापुढे ठिपके. वर लिहिलं: "गाळलेल्या जागा भरा. कुठली गोष्ट कुणाच्या गावची ते लिही. तुझ्यामुळे मी पाच वर्षांच्या मुलीकडून नापास झाले. अक्षर सुवाच्य काढ. — ताई." गल्लीची खबरबात नाही, तब्येतीची चौकशी नाही. रागाच्या भरात ती शेवटची ओळही राहून गेली. आठवण झाली तेव्हा पाकीट डिंकानं बंद झालं होतं. उघडून लिहावं असं एकदा मनात आलं. पण पत्र बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर जाणार, तिथून बोटीवर कधी जाणार ते कोणी सांगावं, आणि बाईंना आधीच स्वतःच्या चिडण्याची लाज वाटायला लागली होती. त्यांनी ते तसंच पेटीत टाकलं.

शिंपीणकाकू जिन्यात भेटल्याच. "पत्र टाकलंत? भावाला? विचारलंत का कधी येतो?"

"या वेळी राहिलं."

"राहिलं? अहो, मग लिहिलंत काय?"

"प्रश्नपत्रिका."

शिंपीणकाकूंनी हे गल्लीत सांगताना बाईंच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं ओझरतं सूचित केलं.

पुढचे पाच गुरुवार बाईंनी मुलांना कपाटाखालच्या अंटार्क्टिकाबद्दल सांगितलं, कारण तिथली एकही गोष्ट त्यांच्याकडे नव्हती आणि त्यामुळे चुकायची सोय नव्हती. मुलं कंटाळली. ठिणगी दर गुरुवारी रशियात जाऊन बसायची आणि आशेनं बघायची. पाचव्या गुरुवारी ती म्हणाली, "सलगम आता कुजलं असेल."

आणि त्याच आठवड्यात शनिवारी पोस्टमन जिना चढून वर आला. खालून हाक मारायची सोडून हा माणूस तीन मजले चढला यावरूनच गल्लीला काय ते कळलं. शिंपीणकाकू शिवण सोडून दारात आल्या. पाकीट जाड होतं. बाईंनी भिंग शोधलं नाही. तिकिटाकडे पाहिलंही नाही. आत त्यांचाच रेघा मारलेला कागद होता. एकतीसच्या एकतीस जागा भरलेल्या, शिसपेन्सिलीनं, आणि अक्षर खरोखर सुवाच्य. सोबत तीन पानं.

"ताई," त्यानं लिहिलं होतं, "पेपर सोडवला. वेळ जास्त लागला, दोघातिघांना विचारावं लागलं. तू माझ्यामुळे नापास झालीस हे वाचून मी इतका हसलो की भात लागला.

"तुला वाटलं मी या देशांत गोष्टी ऐकतो. मी देश बघतच नाही गं. बोट धक्क्याला लागली की बाकीचे उतरतात. मला जेवण तयार ठेवायचं असतं. इजिप्त म्हणून मी जे पाहिलं ते एक क्रेन आणि तिच्यामागे धूर. ज्यांना रजा नसते किंवा उतरायचं मन नसतं ते माझ्याकडे येऊन बसतात. कांदे सोलतात. बंदरातले दिवे, माणसं, कुत्री दिसली की यांना आपापली घरं आठवतात, आणि घर आठवलं की यांना बोलता येत नाही. मग गोष्ट सांगतात. आईनं सांगितलेली, आजीनं सांगितलेली. सलगमाची सांगितली ती इंजिनात तेल घालणाऱ्या रशियन म्हाताऱ्यानं. त्याची नात तेव्हा तीन वर्षांची झाली होती आणि त्यानं तिला पाहिलं नव्हतं. जात्याची गोष्ट आमच्या नॉर्वेच्या इंजिनिअरची. कोळ्याची घानाच्या पोराची, जपानच्या बंदरात त्याला ताप भरला होता तेव्हा.

"एकोणिसाव्या गोष्टीपुढे मी काय लिहिलंय ते बघ."

बाईंनी कागद पुन्हा घेतला. एकोणीस म्हणजे दाराची कडी गिळणाऱ्या सीलची, चिलीची. ठिपक्यांवर लिहिलं होतं: "आपल्या घरची."

"ही तुझीच," पुढे पत्रात होतं. "तू शेळी सांगायचीस. मी चवीला मीठ टाकावं तसा तिथे सील टाकला, तू ओळखतेस का ते बघायला. तू ओळखलं नाहीस. चिलीला आम्ही बारा दिवस पावसात उभे होतो. धक्क्यावर एक बाई एका पोराला भरवत होती आणि ते पोर तोंड मिटून बसलं होतं. त्या दिवशी मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. कांदे मीच सोलले.

"आणखी एक. तू दरवेळी विचारतेस, कधी येतोस. मला माहीत नसतं. बोट सुटली की दुसरी धरावी लागते, आणि आता मला जमिनीवर काय करायचं तेही नीट कळत नाही. मी पत्र लिहायला बसतो आणि त्या ओळीचं उत्तर द्यायची वेळ आली की कागद बाजूला ठेवतो. माझ्या ट्रंकेत अशी अकरा अर्धी पत्रं आहेत. या वेळी तू मला येतं तेच विचारलंस, म्हणून हे पुरं झालं."

खिडकीतून बघणाऱ्यांना हे वाचता आलं नाही. ते सगळं मागाहून कळलं. दिसलं एवढंच, की बाईंनी पत्र वाचून डब्यात ठेवलं नाही. छातीशी धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या स्टुलावर बसल्या. "शेळी," त्या एकदा मोठ्यानं म्हणाल्या. "शेळीच होती ती."

पुढच्या गुरुवारी बाई शिंपीणकाकूंकडून उरलेल्या लोकरीचे गुंडे मागून घेऊन गेल्या. नियम बदलला. आता गोष्टीला दोन जागा: एक, ती जिथे जन्मली ती, दुसरी, जिथे ती सांगणाऱ्याला आठवली ती. निम्म्या वर्गानं रशियात बसायचं, निम्म्यानं इजिप्तच्या धक्क्यावर, आणि मधून लोकर. रशियातले सलगम ओढतात, इजिप्तमधले कांदे सोलत ऐकतात. ठिणगीची रशियात मुख्य आजी म्हणून नेमणूक झाली. हळूहळू एकतीस धागे पडले. खांबाला चार वेटोळी बसली. मोठ्या बाई पाहणीला आल्या आणि नॉर्वे-ब्राझील धाग्यात पाय अडकून अटलांटिकमध्ये बसल्या, तेव्हा त्यांनाच हसू आलं आणि पाढे मागे पडले.

ठिणगीची आईही बघून गेली. तिनं खाली बसून एकेक धागा तपासला, बोट लावून, दोन्ही टोकांना. मग प्रयोगशाळेतल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "दोन्ही टोकांना लावा. इकडे गाव, तिकडे सांगणाऱ्याचं काम. तेलवाला, इंजिनिअर. मला हे चालेल." एका धाग्यापाशी ती थांबली. तो आपल्याच गावाच्या ठिपक्यावरून निघून चिलीला जात होता. "इथे कोण?"

"स्वयंपाकी," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी स्वतः लिहिली.

पत्रं आता दर महिन्याला येतात. बाई त्याला येत असेल तेच विचारतात. स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून काय दिसतं? कांदे कोण जास्त सोलतं? त्या तेलवाल्या म्हाताऱ्याची नात आता केवढी? तळाशी, सहीच्या वर, त्या चार बोटं जागा कोरी सोडतात. पेन तिथे थोडा वेळ थांबतं, मग खाली सही होते. कधीकधी भाताचं पातेलं उघडताना त्या आपल्यासमोरच्या रिकाम्या पाटाकडे बघतात, की अजून तिथे कोणी तोंड मिटून बसलंय का. पण हे त्या कोणाला सांगत नाहीत.

परवा पोस्टमन पुन्हा जिना चढला, तेव्हा मात्र शिंपीणकाकूंचा धीर सुटला. सगळा जिना ऐकत होता, वरून खालपर्यंत, आणि ऐकणाऱ्यांत आमच्या घरचंही एक दार उघडं होतं. काकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, आणि विचारलं, "ते सगळं राहू द्या, बाई. येतोय का तो? कधी येतोय, ते सांगा."

बाईंनी पाकीट उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते मी विचारलेलं नाही, काकू. सव्वीस वर्षं विचारत होते, तेव्हा तो पत्रसुद्धा पुरं करत नव्हता. तुम्हाला तारीखच हवी असेल तर पत्ता देते, तुम्ही लिहा त्याला. आणि मग माझ्यासारखं पोस्टमनच्या पिशवीकडे बघत बसा."